पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई कात्रजला राहतात. त्यांचे मिस्टर, वय ३४, फरशी बसवण्याचे काम करतात. १४ मार्चला शिरवळच्या साइटवरून मोटारसायकलने घरी येताना सर्व्हिस रोडवर पेट्रोल पंपातून बाहेर पडणाऱ्या कारने त्यांना डाव्या बाजूने धडक दिली. डाव्या गुडघ्याखालचे हाड सांध्यापाशीच मोडले; प्लेट आणि स्क्रू बसवले. हॉस्पिटलचे बिल २,८०,००० रुपये झाले. कारमालकाने तेव्हा ६०,००० रुपये दिले. आता आणखी ४०,००० देतो म्हणतो, पण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "माझी काही तक्रार नाही, भरपाई पूर्ण मिळाली" असे लिहून मागतो. मिस्टरांनी लायसन्स काढलेलेच नाही आणि त्या दिवशी हेल्मेटही नव्हते, त्यामुळे केस केली तर उलट आपल्यावरच येईल अशी घरात भीती आहे. चार महिने काम बंद आहे. पैसे घेऊन विषय मिटवावा की कोर्टात जावे, असे ताई विचारतात.

ताई, सही करू नका. बाकीचे सगळे सावकाश वाचा, पण हे आजच घरात सांगून ठेवा.

मी साताऱ्यात आणि पुण्यात २७ वर्षे अपघाताचे दावे चालवते. त्यातली पहिली काही वर्षे मी विमा कंपनीच्या बाजूने उभी राहत होते. त्यामुळे समोरचा वकील तुमच्या कागदांत काय शोधतो ते मला माहीत आहे, आणि ते तुम्हाला आधीच सांगावे असे वाटते.

पहिली गोष्ट तारखेची. मोटार वाहन कायद्यात १९९४ पासून भरपाईच्या अर्जाला मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून ती परत आली: कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, तो निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नका असे सांगितले आहे. तरीही माझ्या अशिलांना मी अंतरिम आदेशाच्या भरवशावर ठेवत नाही. तुमचे सहा महिने सप्टेंबरच्या मध्याला भरतात. अर्ज ऑगस्टमध्येच दाखल करा. "पाय पूर्ण बरा होऊ दे, अपंगत्वाचा दाखला मिळू दे, मग बघू" असे पुष्कळ जण म्हणतात. दाखला नंतर जोडता येतो. अर्ज आधी, दाखला मागून.

आता कारमालकाबद्दल. तो वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही. धडक दिल्यावर थांबला, हॉस्पिटलपर्यंत आला, ६०,००० दिले. हे सगळे जण करत नाहीत. त्याला भीती आहे ती कोर्टकचेरीची आणि आपल्या खिशातून किती जाईल याची. त्याला शांतपणे सांगा: दादा, तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल, तर भरपाई कंपनीने द्यायची आहे. दुसऱ्याच्या शरीराला झालेल्या इजेसाठी त्या विम्याला रकमेची मर्यादा नसते. आम्हाला तुमच्याकडून फक्त तीन कागदांचे फोटो हवेत: अपघाताच्या दिवशी लागू असलेली पॉलिसी, आरसी बुक आणि चालवणाऱ्याचे लायसन्स. नाही दिले तरी अडत नाही. कलम १६० प्रमाणे पोलीस ठाण्याला आणि आरटीओला ही माहिती जखमी व्यक्तीला द्यावीच लागते, आणि गाडीच्या नंबरवरून विमा चालू होता का ते एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवरही दिसते.

मिळालेले ६०,००० लपवू नका. अर्जात स्वतःच्या हाताने लिहा की मालकाने इतके दिले. लपवलेली रक्कम उलटतपासणीत बाहेर आली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद वाटायला लागतात. स्टॅम्प पेपरवर सही केली म्हणून हक्क आपोआप संपतो असे नाही, पण तो कागद कंपनीच्या वकिलाच्या हाती पडतो आणि मग दोन वर्षे त्याचीच उत्तरे देत बसावे लागते. मिळणार किती, तर एक लाख. तेही २,८०,००० चे बिल समोर असताना.

यानंतर मी तुम्हाला एका कागदाकडे पाठवणार आहे, ज्याकडे कुणीच बघत नाही. मिस्टरांना पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलात नेले, तिथला कॅज्युअल्टीचा पहिला कागद. त्यावर डॉक्टर घाईघाईत दोन ओळी लिहितात: कधी, कुठे, कसे लागले. ही माहिती जखमी माणूस देत नाही, तो विव्हळत असतो. त्याला घेऊन आलेला कुणीतरी ती देतो.

वाई तालुक्यातल्या एका दूध घालणाऱ्या तरुणाचा दावा मी चालवला होता. पहाटे कारने उडवले, मांडीचे हाड मोडले. मित्राने त्याला हॉस्पिटलात नेले. मित्राला वाटले, कारचे नाव घेतले तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. त्याने सांगितले, "गाडी घसरली." डॉक्टरांनी तेच इंग्रजीत लिहिले, "स्लिप फ्रॉम बाइक". एफआयआर अकराव्या दिवशी झाला. कंपनीचे म्हणणे तयारच होते: हा स्वतः पडला, कार नंतर घुसडली. आता कारच्या बाबतीत असे खोटे दावे होतातही, त्यामुळे कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. आम्हाला कसे सिद्ध करावे लागले? पंचनाम्यात रस्त्यावर हेडलाइटच्या काचेचे तुकडे पडल्याची नोंद होती. आरटीओच्या तपासणी अहवालात कारचा डावा हेडलाइट फुटलेला आणि बंपर आत गेलेला होता. मित्राने साक्षीत खरे कारण सांगितले आणि आपण घाबरलो होतो हेही सांगितले. दावा मंजूर झाला, पण त्या तीन शब्दांपायी दोन वर्षे जास्त गेली, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या घरातल्या दोन म्हशी विकल्या गेल्या.

म्हणून उद्याच त्या कागदाची प्रत मागा. त्यावर "कारची धडक" असे लिहिले असेल तर निश्चिंत व्हा. चुकीचे लिहिले असेल तर त्यात खाडाखोड करून घ्यायला जाऊ नका, डॉक्टरांना तशी गळही घालू नका. पोलीस ठाण्यात जाऊन मिस्टरांचा पुरवणी जबाब नोंदवा, आणि ज्याने माहिती दिली त्याचाही. अपघातानंतर एफआयआर व्हायला काही दिवस लागले असतील तर त्याची फार काळजी नको. माणूस आधी जीव वाचवायला धावतो हे न्यायालये जाणतात. फक्त उशिराचे कारण सरळ आणि एकच असावे.

पोलिसांकडचे बाकीचे कागद म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, दोन्ही गाड्यांचे आरटीओ तपासणी अहवाल आणि जखम प्रमाणपत्र. अपघात १ जुलै २०२४ नंतरचा असल्याने कलमे भारतीय न्याय संहितेची असतील: भरधाव, बेदरकार चालवण्याचे २८१ आणि गंभीर दुखापतीचे १२५(ब). हाड मोडले की दुखापत गंभीर ठरते. १२५(अ) लागले असेल तर तपास अधिकाऱ्यांना एक्स-रेचा अहवाल द्या. पंचनामा मात्र स्वतः, जागेवर उभे राहून वाचा. गाडी कुठल्या दिशेला तोंड करून पडली होती, रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर, ब्रेकच्या खुणा कुणाच्या. पंचनामा करणारा हवालदार दमलेला असतो, पुण्याकडची बाजू साताऱ्याकडची होऊन जाते, आणि तेवढ्यावरून तुमचे मिस्टर उलट्या दिशेने येत होते असा अर्थ निघतो. पेट्रोल पंपाचा कॅमेरा रस्त्याच्या बाजूला असणार. चार महिन्यांत चित्रण पुसले गेलेले असेल, पण पोलिसांनी त्या वेळी घेतले का ते विचारा.

२०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टाकडे, पाठवायचा असतो, आणि त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज मानता येते. व्यवस्था चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात ती काटेकोर राबवायला सांगितले. पण माझा अनुभव असा की काही ठाणी नेमाने पाठवतात, काही ठिकाणी फाइल पडून राहते. तुमच्या प्रकरणात अहवाल गेला का ते जरूर विचारा, पण स्वतःचा अर्ज करायचा राहू देऊ नका.

फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. तिथे ड्रायव्हरचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी त्याची चूक असण्याची शक्यता जास्त आहे एवढे दिसले की पुरते. खटल्यात तो सुटला तरी तुमचा दावा उभा राहतो.

आता तुमच्या घरातली मुख्य भीती, लायसन्स आणि हेल्मेट. लायसन्स नसताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे, पोलीस त्याबद्दल वेगळी कारवाई करू शकतात, आणि मी ते बरोबर होते असे म्हणणार नाही. बरे झाल्यावर पहिले काम म्हणून लायसन्स काढा. पण केवळ लायसन्स नव्हते म्हणून अपघातात त्यांची चूक होती असे धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा प्रकरणात सांगितलेले आहे. प्रश्न असतो की ते गाडी कशी चालवत होते. हेल्मेटचेही तसेच. नियम मोडल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असे दिसले पाहिजे. डोक्याला मार असता तर कंपनीने ताणले असते. मोडला आहे गुडघा, आणि हेल्मेट गुडघ्यावर घालत नाहीत. मिस्टरांनी साक्षीत विचारल्यावर सरळ सांगावे: "लायसन्स नव्हतं, हेल्मेट नव्हतं." खरे उत्तर दिले की तो मुद्दा तिथेच संपतो.

त्यांचीही थोडी चूक निघाली, समजा वेग जास्त होता, तर न्यायाधिकरण टक्केवारी ठरवते आणि तेवढी रक्कम कापते. दावा पूर्ण बुडत नाही.

अर्ज आल्यावर किंवा त्याआधीही कंपनीचा माणूस तुमच्याकडे येऊ शकतो आणि अडीच लाखांची गोष्ट काढू शकतो. कलम १६४ मध्ये तशी तरतूद आहे: कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. ज्या अपघातात चूक सिद्ध होणे कठीण आहे, किंवा कामावर कायमचा परिणाम झालेला नाही, तिथे हे पैसे घेणे शहाणपणाचे असते. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तुमच्या बाबतीत ते का घेऊ नये, ते आता सांगते. हाच तुमच्या दाव्याचा गाभा आहे.

सिव्हिल हॉस्पिटलातून किंवा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून अपंगत्वाचा दाखला मिळतो. त्यावर एक आकडा असतो, समजा ३० टक्के. लोक तो आकडा घेऊन आनंदाने किंवा निराशेने माझ्याकडे येतात. कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो: हे ३० टक्के पायाचे की संपूर्ण शरीराचे? पायाचे असतील तर शरीराचे १० ते १५ धरा, आणि तेवढीच कमाई बुडाली असे माना. पुष्कळ दावे इथेच आकसतात, कारण कुणी पुढचा प्रश्न मांडतच नाही: हा माणूस काम काय करतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात ही गोष्ट फार स्वच्छ सांगितली. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. सरकारी कारकुनाची नोकरी आणि पगार तसाच राहू शकतो. दाखल्यावरचा आकडा दोघांचा सारखाच असतो. न्यायाधिकरणाने दाखल्यावरचा आकडा तसाच उचलायचा नाही. त्या इजेने त्या माणसाच्या त्या कामातली कमाई किती कमी झाली ते बघायचे.

आता तुमच्या मिस्टरांचे काम बघू. मी वकील असले तरी माझ्या घरी फरशी बसताना आठ दिवस ते काम जवळून पाहिले आहे. दोरी बांधायची, माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, लेव्हल लावून बघायची, बुडबुडा मध्ये आला की मागे सरकायचे. हे सगळे उकिडवे बसून. दिवसभर माणूस उभा राहतो तो फक्त पाणी प्यायला आणि जेवायला. उकिडवे बसायला गुडघा पूर्ण मिटावा लागतो. सांध्यापाशी मोडलेल्या हाडाला प्लेट बसवल्यावर पुष्कळांचा गुडघा ९० अंशांच्या आसपास येऊन थांबतो. खुर्चीवर बसणाऱ्याला ९० अंश पुरतात. फरशीवाल्याचे त्यात काहीच होत नाही.

म्हणजे दाखला पायाचे ३० टक्के म्हणत असला, तरी फरशीच्या कामातले नुकसान त्याहून कितीतरी जास्त आहे. हे न्यायाधीशांना आपोआप कळणार नाही. अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि डॉक्टरांच्या साक्षीत ते आणावे लागते.

पैशांत याचा अर्थ काय होतो ते उदाहरणाने दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा महिन्याची कमाई १८,००० धरली गेली. ते स्वतःचा धंदा करणारे आणि चाळिशीच्या आतले, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे; हे प्रमाण २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक; वय ३१ ते ३५ असेल तर तो १६. तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून येतो. गुणाकार ४८,३८,४००. जखमी माणूस जिवंत असतो, त्यामुळे मृत्यूच्या दाव्यात करतात तशी स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही. आता या रकमेला टक्केवारी लावायची. कंपनी म्हणते तसे १५ टक्के धरले तर ७,२५,७६०. कामाचा परिणाम नीट मांडून ३५ टक्के मान्य झाले तर १६,९३,४४०. तोच गुडघा, तोच दाखला. मधले साडेनऊ लाखांहून जास्त हे फक्त पुराव्यावर ठरतात.

याच्याशिवाय उपचाराचा खर्च, बुडालेल्या महिन्यांची कमाई, रिक्षा-गाडीचे भाडे, सकस आहार, तुम्ही काम सोडून त्यांच्याजवळ राहिलात त्याचे मोल, वेदना, आणि पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च हे सगळे वेगळे मागायचे असते. त्या ऑपरेशनचा अंदाज डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. बिलांपैकी काही भाग मेडिक्लेममधून मिळाला असेल तरी पूर्ण बिल मागा. ती रक्कम भरपाईतून कापायची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२५ मध्ये ठरवले आहे. औषधांची बिले थर्मल कागदावर असतात, सहा महिन्यांत कोरी होतात. आजच झेरॉक्स काढा.

कमाईचा पुरावा हा कारागिरांचा सगळ्यात दुबळा भाग. "महिन्याला तीस हजार सुटतात" असे सगळे सांगतात आणि पुराव्यात काही नसते. मग न्यायाधीश अंदाजाने दहा-बारा हजार धरतात. वरच्या गणितात १८,००० च्या जागी १२,००० घालून बघा, सगळेच दोन तृतीयांशावर येते. तुमच्या मिस्टरांकडे काय असू शकेल? ठेकेदारांनी फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी. बँकेतून अपघाताआधीच्या एक-दीड वर्षाचे स्टेटमेंट काढा. फुटाच्या हिशेबाची वही. कुठल्या साइटवर किती फूट काम, काय दर, किती उचल घेतली, हे बहुतेक मिस्त्री पेन्सिलीने लिहून ठेवतात. ती जुनी, सिमेंटचे डाग पडलेली वही नव्या टाइप केलेल्या दाखल्यापेक्षा मला जास्त मोलाची वाटते. आणि एक तरी ठेकेदार, जो कोर्टात येऊन सांगेल की हा माणूस माझ्याकडे फुटावर काम करायचा, मी त्याला महिन्याला साधारण इतके द्यायचो. नुसता लेटरहेडवरचा दाखला आणला आणि ठेकेदार आलाच नाही, तर तो कागद फारसा कामाचा नाही. त्याने वाढवून सांगू नये हेही त्याला सांगा.

डॉक्टरांची साक्षही अशीच अत्यावश्यक आहे. दाखला नुसता जोडून सिद्ध होत नाही. ज्यांनी तपासले त्यांनी येऊन सांगावे लागते. डॉक्टर यायला नाखूश असतात, त्यांचा ओपीडीचा दिवस जातो, ते मला समजते. राजकुमार निकालातच यावर मार्ग सुचवले आहेत: डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, थांबवून ठेवू नये, लागल्यास कोर्ट कमिशनरने दवाखान्यात जाऊन साक्ष नोंदवावी. तुमच्या वकिलांना हा अर्ज करायला सांगा. आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारलाच गेला पाहिजे: गुडघा किती अंश मिटतो, आणि हा माणूस उकिडवा बसू शकेल का? टक्केवारीच्या आकड्यापेक्षा त्या उत्तराने जास्त फरक पडतो.

अर्ज कुठे करायचा? अपघात शिरवळचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातला. पण तुम्ही राहता तिथेही, म्हणजे पुण्याच्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. पुण्यातच करा, लंगडत्या पायाने दर तारखेला खंबाटकी घाट चढायचे कारण नाही. सामनेवाले म्हणून चालक, आरसीवर नाव असलेला मालक आणि विमा कंपनी. "गाडी मी मागेच विकली, नावावर करायची राहिली" असे कुणी म्हणाले तरी आरसीवरचे नाव सोडू नका. २०१८ च्या नवीनकुमार निकालाप्रमाणे कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. ड्रायव्हरचे लायसन्स बाद निघाले तर कंपनी हात झटकू बघते. अशा वेळी न्यायाधिकरण सहसा कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मालकाकडून वसूल करायला सांगते. विमाच नव्हता असे निघाले तर मात्र लढाई मालकाच्या मालमत्तेशी असते, आणि तेव्हा सल्ला वेगळा असेल. म्हणून पॉलिसी आधी बघा.

वेळ लागतो. दोन ते चार वर्षे मनात धरा. व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळते, हे आणखी एक कारण लवकर अर्ज करण्याचे. मधे राष्ट्रीय लोकअदालत येईल, कंपनी तडजोडीचा आकडा सांगेल. मी लोकअदालतीच्या विरोधात नाही, माझे कितीतरी दावे तिथे चांगले मिटले आहेत. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. डॉक्टरांची साक्ष व्हायच्या आधी आलेला आकडा आणि नंतर आलेला आकडा यांत बहुधा फरक असतो. प्लेट काढायची आहे की नाही हे ठरण्यापूर्वी तर मिटवूच नका.

वकिलाबद्दलही स्पष्ट बोलते. हॉस्पिटलच्या दारात कार्ड देणाऱ्यांना काम देऊ नका. भरपाईत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा आणि लिहून घ्या. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या बँक फॉर्मवर सही नको. मूळ बिले देताना यादी करून तिच्यावर पोच घ्या. फी झेपत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कामगार, अपंग व्यक्ती आणि स्त्रिया यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

शेवटी मिस्टरांच्या प्रतिज्ञापत्राबद्दल. तयार मसुद्यांत एक वाक्य हमखास असते: "मी आता कोणतेही काम करू शकत नाही." ते लिहू देऊ नका. कंपनीचा तपासनीस आळीत येऊन चौकशी करतो, फोटो काढतो. आणि ते खरेही नाही. काही महिन्यांनी ते बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स, म्हणजे डॅडो, उभ्याने लावू शकतील, निदान कमरेच्या वरचा भाग. तसेच लिहायचे: डॅडोचा वरचा भाग मी लावू शकतो, खालच्या दोन ओळी हेल्परला लावाव्या लागतात, जमिनीची फरशी बसवता येत नाही, बॉक्स घेऊन जिना चढता येत नाही, आधी दिवसाला इतके फूट व्हायचे, आता इतके होते, हेल्परची मजुरी माझ्यातून जाते. फुटांचे आकडे त्यांनाच विचारा. कामाला हात लावायला लागले की त्याच जुन्या वहीत, त्याच पेन्सिलीने, रोजचे लिहायला सांगा.